मॉनिटरिंगचा सर्व्हर कसा ठरवायचा: झॅबिक्स धरून, कोटेशन मागवायच्या आधीपासून

झॅबिक्स म्हणजे सर्व्हर, स्विच वगैरेंवर नजर ठेवणारं मॉनिटरिंग सॉफ्टवेअर. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मला तोच मेसेज टाकतं, "आमच्याकडे ४०० डिव्हाइस आहेत, झॅबिक्सला किती कोअर आणि किती रॅम लागेल?" मी उलट विचारतो की आयटम (म्हणजे डिव्हाइसवर मोजायच्या गोष्टी: सीपीयू, डिस्क, ट्रॅफिक) किती, किती सेकंदांनी एकदा, डेटा किती दिवस ठेवायचाय, की पलीकडे एकदम शांतता. कारण कोटेशन आधीच येऊन पडलेलं असतं. दोन प्रोसेसर, १२८ जीबी रॅम, आणि डिस्कच्या ओळीत तीन ४ टीबीच्या सटा (फिरत्या हार्डडिस्क), रेड ५ (एक डिस्क गेली तरी डेटा वाचावा अशी जोडणी). पुढे सहा महिन्यांनी ग्राफमध्ये भोकं पडायला लागतात, अलर्ट वीस मिनिटं उशिरा येतो, आणि व्हेंडर म्हणतो, "सर, ४० कोअर दिलेत की, अजून काय पाहिजे?"

अहो कोअर बसून आहेत, डिस्क मेलीये. हे इतक्यांदा बघितलंय की शेवटी लिहूनच काढतोय. क्रम महत्त्वाचा आहे, उलटीकडून सुरुवात केली की चुकतंच.

उदाहरण शेवटपर्यंत एकच धरू: पुण्यात हेड ऑफिस, चाकण, सातपूर आणि वाळूजला प्लँट, सगळे मिळून ३०० सर्व्हर, १२० स्विच, आणि थोडे फायरवॉल, यूपीएस वगैरे.

## १. होस्ट मोजत बसू नका, दर सेकंदाच्या व्हॅल्यू मोजा

झॅबिक्सला तुमच्याकडे किती मशीन (त्याच्या भाषेत होस्ट) आहेत याच्याशी फारसं देणंघेणं नाही. दर सेकंदाला किती नवीन व्हॅल्यू येतात यावर त्याचं सगळं चालतं. सूत्र सोपं: आयटमची संख्या भागिले इंटरव्हल सेकंदांत.

सर्व्हर: ३०० गुणिले साधारण १०० आयटम म्हणजे ३०,०००. मिनिटाला एकदा धरलं तर सेकंदाला ५०० व्हॅल्यू.

आता स्विच. इथे सगळे फसतात, कारण १२० हा आकडा लहान दिसतो. पण एका स्विचला ४८ पोर्ट, आणि झॅबिक्सच्या नेहमीच्या एसएनएमपी (नेटवर्क डिव्हाइसला माहिती विचारायची पद्धत) टेम्प्लेटमध्ये, म्हणजे आयटमच्या तयार यादीत, प्रत्येक पोर्टमागे ९ आयटम (आलेलं ट्रॅफिक, गेलेलं ट्रॅफिक, दोन्हीकडचे एरर, दोन्हीकडचे डिस्कार्ड, स्टेटस, स्पीड, टाइप). १२० × ४८ × ९ = ५१,८४०. म्हणजे १२० स्विच मिळून ३०० सर्व्हरपेक्षा जास्त आयटम आणतात! इंटरव्हल सरासरी ३ मिनिटांच्या आसपास असतो म्हणून व्हॅल्यू त्या मानाने कमी, सेकंदाला २९०च्या आत-बाहेर. उरलेल्या किरकोळ डिव्हाइसचे ३,००० आयटम, त्यांच्या ५०.

एकूण ८५,००० आयटम आणि सेकंदाला साधारण ८४० व्हॅल्यू. त्यावर वाढीसाठी दीडपट धरा: १,२६०. दुप्पट-तिप्पट धरायची हौस असते लोकांना, गरज नाही, पण दीडपटीपेक्षा कमी पण नको, कारण एकदा लोकांना ग्राफ दिसायला लागले की प्रत्येक डिपार्टमेंट म्हणतं आमचं पण टाका.

तपासा: कागदावरचा हिशोब नुसता कागदावर ठेवू नका. कुठल्याही जुन्या मशीनवर किंवा छोट्या व्हीएमवर झॅबिक्स टाका, तुमचे खरे २० होस्ट जोडा (१० सर्व्हर, ५ स्विच, ५ इतर असे मिसळून), आणि एक आठवडा चालू द्या. रिपोर्ट्समध्ये सिस्टिम इन्फर्मेशनच्या पानावर सेकंदाला किती व्हॅल्यू अपेक्षित आहेत तो आकडा तयारच मिळतो. प्रकारानुसार गुणा. तुमच्या हिशोबात आणि यात दुपटीचा फरक आला तर चूक बहुतेक स्विचच्या पोर्टमध्ये असते.

खर्च करायच्या आधी: वापरात नसलेले पोर्ट स्विचवर शटडाउन करून ठेवा. टेम्प्लेटचा फिल्टर तसे पोर्ट मोजणीतून सोडून देतो. नेटवर्कवाल्यांना हे दोनदा सांगावं लागतं, पण सिक्युरिटी ऑडिटला तेच हवं असतं त्यामुळे शेवटी करतात. आणि स्पीड-टाइपसारखे महिनोन्महिने न बदलणारे आयटम "बदललं नाही तर टाकून दे" या प्रीप्रोसेसिंगवर टाका, म्हणजे डेटाबेसपर्यंत ते पोचतच नाहीत. खाली मी ही बचत धरलेली नाही, जास्तीचाच आकडा घेतलाय.

## २. डेटा किती दिवस ठेवायचा ते लेखी घ्या

हा टप्पा हार्डवेअरचा वाटत नाही म्हणून सगळे टाळतात, आणि डिस्कचा अर्धा खर्च इथेच ठरतो.

दोन गोष्टी वेगळ्या करा. हिस्टरी म्हणजे आलेली प्रत्येक व्हॅल्यू जशीच्या तशी. ट्रेंड म्हणजे दर तासाचा किमान, कमाल, सरासरी आणि किती व्हॅल्यू आल्या तो आकडा, एका आयटमला तासाला एकच ओळ. साहेबांना विचारलं की ते सांगतात, "दोन वर्षांचा डेटा पाहिजे." त्यांना दोन वर्षांचा ग्राफ बघायचाय, तो ट्रेंडवर येतो. मागच्या मार्चमधल्या मंगळवारी ११ वाजून ४ मिनिटांनी सीपीयू किती होता हे कुणी विचारत नाही.

न्यूमेरिक, म्हणजे आकड्याच्या, एका व्हॅल्यूला डेटाबेसमध्ये साधारण ९० बाइट धरायचे.

हिस्टरी: १,२६० × ८६,४०० सेकंद = दिवसाला १० कोटी ८८ लाख व्हॅल्यू, म्हणजे ९.८ जीबी. ३० दिवसांचे २९४ जीबी. ९० दिवस म्हणालात तर ८८२.

ट्रेंड: आयटम पण दीडपट करा, १,२७,५०० × ८,७६० तास × ९० बाइट = वर्षाला सुमारे १०० जीबी. दोन वर्षांचे २००.

इव्हेंट: अगदी सेकंदाला एक प्रॉब्लेम येतोय असं धरलं तरी वर्षाला ५-६ जीबी. सोडून द्या.

म्हणजे ३० दिवस हिस्टरी आणि दोन वर्षं ट्रेंडला ५०० जीबी. आता एकूण जागा याच्या दुप्पट पाहिजे, कारण मोठ्या व्हर्जनच्या अपग्रेडला कधी कधी आख्खं टेबल नव्याने बांधावं लागतं आणि तेव्हा जुनं-नवं दोन्ही एकाच वेळी डिस्कवर असतं. तर वापरण्याजोगी जागा १ टीबी, रेड वजा करून.

थांबा: लॉग यात मिसळू नका. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, ते वाचून कुणीतरी म्हणतं झॅबिक्समध्येच टाकून देऊ. टेक्स्ट किंवा लॉगच्या एका व्हॅल्यूला सरासरी ५०० बाइट धरा. सेकंदाला फक्त २०० ओळी आल्या तरी दिवसाला ८.६ जीबी, १८० दिवसांचे दीड टीबी, आणि त्यात शोधायला गेलात तर डेटाबेस बसलाच. लॉगसाठी वेगळा सर्व्हर, वेगळं सॉफ्टवेअर, वेगळं बजेट. झॅबिक्समध्ये फक्त "या फाइलमध्ये एरर आली" एवढं येऊ द्या.

## ३. डिस्क: पैसे इथे लावा

जागेचा हिशोब झाला, पण डिस्क जागेमुळे मरत नाही, लिहिण्यामुळे मरते.

झॅबिक्स सतत लिहीत असतं, दिवसरात्र, रविवारी पण. आलेल्या व्हॅल्यू तो एकेक करून टाकत नाही, गठ्ठ्याने टाकतो, हे खरं. पण मायएसक्यूएल डेटाबेसवर झॅबिक्स ६.० पासून हिस्टरी टेबलची प्रायमरी की (ओळी कुठल्या क्रमाने ठेवायच्या ते ठरवणारी) आयटमनुसार लागते, त्यामुळे एका गठ्ठ्यातल्या हजार व्हॅल्यू हजार वेगवेगळ्या आयटमच्या जागी जाऊन बसतात, आणि डिस्कच्या दृष्टीने ते विखुरलेलं लिखाण होतं. ७,२०० आरपीएमची सटा डिस्क असं विखुरलेलं काम सेकंदाला ८०-१०० वेळा करते. त्यात रेड ५ मध्ये एका छोट्या राइटमागे चार ऑपरेशन (जुना डेटा वाच, पॅरिटी वाच, दोन्ही परत लिही), रेड १० मध्ये दोन (जोडीच्या दोन डिस्कवर तेच लिहायचं). आता त्या कोटेशनमधल्या तीन सटा डिस्कचं काय होणार ते तुम्हीच सांगा.

म्हणून एसएसडी, रेड १०, चार डिस्क. ९६० जीबीच्या चार घेतल्या की वापरायला १.९ टीबी मिळतात, आपल्याला लागतात १. उरलेली जागा मोकळीच बरी.

घेताना तीन गोष्टी बघा.

पहिली, पॉवर लॉस प्रोटेक्शन. लॅपटॉपची एसएसडी स्वस्त पडते म्हणून कुणी सुचवेल, नको. डेटाबेस प्रत्येक कमिटला "डिस्कवर खरंच गेलं का?" विचारतो, आणि प्रोटेक्शन नसलेली डिस्क त्याचं उत्तर द्यायला खूप वेळ घेते.

दुसरी, एन्ड्युरन्स. आपला कच्चा डेटा दिवसाला १० जीबी. डेटाबेसचे स्वतःचे लॉग, इंडेक्स, दुबार लिखाण असं सगळं धरून दहापट केलं तरी १०० जीबी. वॉरंटीभर रोज एकदा पूर्ण भरता येईल अशा रेटिंगची डिस्क यात आरामात बसते. रोज तीनदावाली महागडी घ्यायची गरज नाही, व्हेंडर ती आग्रहाने देतो, नको म्हणा आणि ते पैसे स्पेअर डिस्कला लावा.

तिसरी, रेड कंट्रोलरची बॅटरी किंवा कॅपॅसिटर. हे मी स्वतः भोगलंय. एका जुन्या नोकरीत मंगळवारपासून ग्राफ तुटक यायला लागले, आम्ही तीन दिवस डेटाबेसच्या सेटिंग बदलत बसलो, कुणी म्हणालं पोलर (डिव्हाइसकडून व्हॅल्यू मागणाऱ्या झॅबिक्सच्या प्रोसेस) वाढव, कुणी म्हणालं इंडेक्स बिघडला. शुक्रवारी संध्याकाळी डेटा सेंटरला जाऊन बघितलं तर सर्व्हरच्या पुढच्या बाजूला छोटा केशरी दिवा. कंट्रोलरची बॅटरी गेली होती, त्यामुळे त्याने राइट कॅश बंद केला होता आणि प्रत्येक राइट थेट डिस्कवर जात होता. सगळ्या कंपनीचे सर्व्हर बघणारा तो सर्व्हर, आणि त्याच्या बॅटरीवर लक्ष ठेवणारा एक आयटम आम्ही लावला नव्हता.

तपासा: सर्व्हर आला की झॅबिक्स टाकायच्या आधी एफआयओ (डिस्कचा वेग मोजायचं टूल) चालवा, छोट्या ब्लॉकचं रँडम राइट, प्रत्येक राइटनंतर सिंक करून, निदान अर्धा तास. पाच मिनिटांत कॅशच भरत नाही, आकडे खोटे गोड येतात. सिंकचा वेळ बहुतेक वेळा १ मिलिसेकंदाच्या आत हवा. नसेल तर माल परत पाठवायची वेळ हीच आहे, बिल पास झाल्यावर नाही.

## ४. रॅम

रॅमचा मोठा वाटा डेटाबेसचा. गेल्या एक-दोन दिवसांचा डेटा आणि त्याचे इंडेक्स मेमरीत राहिले की डॅशबोर्ड पटापट उघडतात. आपल्या उदाहरणात दिवसाला १० जीबी, तर मायएसक्यूएलच्या बफर पूलला (डेटा मेमरीत ठेवायच्या जागेला) ३२ जीबी द्या. लक्षात ठेवा, तो आपोआप मिळत नाही! मायएसक्यूएलचा डीफॉल्ट बफर पूल १२८ एमबी आहे आणि पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसचे शेअर्ड बफर पण तितकेच. १२८ जीबीच्या मशीनवर १२८ एमबीत डेटाबेस चालवणारे लोक मी बघितलेत, आणि ते नवीन रॅमचं कोटेशन मागवत होते.

झॅबिक्सचे स्वतःचे कॅश (कॉन्फिगरेशन, हिस्टरी, व्हॅल्यू, ट्रेंड) मिळून ४ जीबीत भागतं. बाकी ऑपरेटिंग सिस्टिम, वेब, बॅकअप. ६४ जीबी घ्या, १६च्या चार, आणि निम्मे स्लॉट मोकळे ठेवा.

## ५. सीपीयू आणि नेटवर्क

लवकर उरकतो. १२ ते १६ कोअर, एकच सॉकेट, क्लॉक जरा चांगला. कोअरपेक्षा पोलर प्रोसेस किती वेळ उत्तराची वाट बघत बसतात हा प्रश्न जास्त असतो, आणि बंद पडलेल्या डिव्हाइससाठी थांबायला सीपीयू लागत नाही. झॅबिक्स ७.० पासून एजंट (सर्व्हरवर बसवलेला झॅबिक्सचा छोटा प्रोग्राम), एसएनएमपी आणि एचटीटीपीचे नवे पोलर एकेकटे हजार चेकपर्यंत एका वेळी सांभाळतात, त्यामुळे जुन्या लेखांमधले "पोलर २०० करा" छापाचे सल्ले आता मनावर घेऊ नका.

थांबा: झॅबिक्सच्या बऱ्याच प्रोसेस डेटाबेसचं एकेक कनेक्शन धरून बसतात. पोस्टग्रेसची डीफॉल्ट मर्यादा १००, मायएसक्यूएलची १५१. पोलर वाढवलेत आणि ती मर्यादा तशीच ठेवलीत तर सर्व्हर नीट चालत नाही.

नेटवर्कला १ जीबीपीएस भरपूर. १० जीबीचं कार्ड डोक्यातून काढा. पण दोन पोर्ट दोन वेगळ्या स्विचला लावा.

## ६. प्लँटला प्रॉक्सी, आणि तिथली सुट्टी

वाळूजचे ८० डिव्हाइस पुण्यातून थेट पोल करू नका. तिथे एक प्रॉक्सी (तिथला डेटा गोळा करून पुण्याला पाठवणारं मशीन) बसवा: ४ कोअर, ८ जीबी, एक बऱ्यापैकी एसएसडी. जुना डेस्कटॉप पण चालतो, फक्त यूपीएसवर हवा, आणि कुणी "हा पीसी कुणाचा आहे?" म्हणून बंद करणार नाही अशा ठिकाणी.

लिंक गेली की प्रॉक्सी डेटा साठवून ठेवतो, पण डीफॉल्ट किती वेळ? एक तास! दिवाळीच्या सुट्टीत लिंक गेली आणि सोमवारी आली तर मधला सगळा डेटा गेला, आणि नेमका सुट्टीतच यूपीएस किती वेळा बॅटरीवर गेला ते मॅनेजमेंटला हवं असतं. ऑफलाइन बफर ७२ किंवा ९६ तास करा, आणि तितक्या तासांची जागा प्रॉक्सीच्या डिस्कवर आहे ना ते बघा. लिंक परत आली की साठलेलं सगळं एकदम पुण्याच्या सर्व्हरवर येऊन आदळतं, वरचं दीडपट अशा वेळी पण कामी येतं.

## ७. ज्यावर नजर ठेवायची त्याच्याच खांद्यावर बसू नका

सगळ्यात जास्त वाद इथे होतात. "आपल्याकडे एवढं व्हीएमवेअरचं क्लस्टर आहे, एक व्हीएम काढून देतो की!" ठीक आहे, पण क्लस्टरचं स्टोरेज गेलं की मॉनिटरिंग पण गेलं, आणि नेमकं त्याच वेळी फोन यायला सुरुवात होते.

माझं मत सरळ आहे, सेकंदाला ५०० व्हॅल्यूच्या वर गेलात तर डेटाबेसला स्वतःचं फिजिकल मशीन द्या. नाहीच मिळालं तर व्हीएमची पूर्ण मेमरी रिझर्व्ह करा (नाहीतर होस्ट गरजेला बफर पूलच काढून घेतो), डिस्क थिक (सगळी जागा आधीच राखून) ठेवा, डेटास्टोर वेगळा घ्या, आणि स्नॅपशॉट घेऊन विसरू नका. स्नॅपशॉटवर चालणारा डेटाबेस हळूहळू गुदमरतो आणि कारण शेवटपर्यंत सापडत नाही.

हाय अव्हेलेबिलिटीबद्दल एक गैरसमज: ६.० पासून झॅबिक्स सर्व्हरचे दोन नोड लावता येतात, पण डेटाबेस दोघांचा एकच. दोन नोड घेऊन एका डिस्कवर टांगलेत तर पैसे वाया.

पॉवर सप्लाय दोन, आणि दोन वेगळ्या पीडीयूला (रॅकमधल्या वीजपट्ट्यांना). दोन्ही वायरी एकाच पट्टीत खोचलेल्या मी इतक्यांदा काढल्यात की आता रॅकमागे गेलो की पहिलं तेच बघतो. रिमोट मॅनेजमेंटचा पोर्ट वेगळ्या नेटवर्कवर, आणि व्हर्च्युअल कन्सोलचं लायसन्स कोटेशनमध्ये आहे का ते आधी वाचा, बऱ्याचदा ते वेगळं विकतात.

अलर्ट मेलने जात असतील आणि मेल सर्व्हर पडला तर? एसएमएसची दुसरी वाट ठेवा. गेटवेने पाठवत असाल तर डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या एसएमएस नोंदणी पोर्टलवर) मंजूर टेम्प्लेटशी मजकूर जुळावा लागतो, नाहीतर मेसेज वाटेतच गायब होतो. सर्व्हरला जीएसएम मोडेम लावत असाल तर सिमचा रिचार्ज कुणाच्या नावावर आहे ते लिहून ठेवा. हसू नका, होतं.

## ८. हाऊसकीपर बंद, पार्टिशन चालू, तेही पहिल्याच दिवशी

३० दिवसांपूर्वीचा डेटा काढायचा म्हणजे रोज जवळपास ११ कोटी ओळी डिलीट करायच्या. हे काम झॅबिक्सचा हाऊसकीपर करायला गेला की डिस्कवर टाकण्याइतकाच काढण्याचा भार पडतो, आणि एक दिवस तो मागे पडला की कायमचा मागेच. टेबलचे दिवसानुसार पार्टिशन (वेगवेगळे तुकडे) करा, जुनं पार्टिशन एका क्षणात टाकून देता येतं. पोस्टग्रेस असेल तर टाइमस्केल डीबी हे त्याचं एक्स्टेंशन हेच काम करतं, वर जुना डेटा दाबून जागा पण वाचवतं.

सेटिंगमध्ये हिस्टरी आणि ट्रेंडची मुदत सगळ्या आयटमसाठी एकच लावा, नाहीतर प्रत्येक टेम्प्लेट आपापली मुदत घेऊन येतो. आणि हे आधीच करा. ५०० जीबीच्या भरलेल्या टेबलला नंतर पार्टिशन करायचं म्हणजे शनिवार-रविवार गेला, बायकोला काय सांगायचं ते तुम्ही बघा.

## ९. लाइव्ह जायच्या आधी

झॅबिक्सच्या सर्व्हरला स्वतःचंच हेल्थ टेम्प्लेट लावा: हिस्टरी कॅश (डेटाबेसमध्ये जायच्या आधी व्हॅल्यू थांबतात ती मेमरी) किती मोकळा, पोलर किती बिझी, क्यू (वेळ होऊनही न आलेल्या व्हॅल्यू) किती. त्यासोबत रेड कंट्रोलर, बॅटरी, डिस्कचं उरलेलं आयुष्य.

मग रॅकपाशी जाऊन एक पॉवर केबल काढा. चालू राहिला? परत लावा, दुसरी काढा. एक डिस्क बाहेर ओढा, दुसरी घाला, रीबिल्ड चालू असताना क्यू वाढतोय का बघा. प्रॉक्सीची लिंक दोन तास तोडा आणि जोडल्यावर मधला ग्राफ भरतो का ते बघा.

कॉन्फिगरेशनचा बॅकअप हिस्टरी आणि ट्रेंडची टेबलं वगळून रोज घ्या, तो छोटासा असतो, आणि एकदा दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करून खरंच लॉगिन होतंय का ते तपासा.

होस्ट एकदम ४२० टाकू नका. दिवसाला ५०, आणि प्रत्येक ५० नंतर क्यूच्या पानावर दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झालेले आयटम आहेत का बघा. असतील तर पुढचे ५० उद्या नाही, कारण सापडल्यावर. पहिल्या रविवारी रात्री सगळ्या व्हीएमचा बॅकअप चालतो तेव्हा हिस्टरी कॅश किती खाली जातो तो ग्राफ सोमवारी सकाळी चहाच्या आधी उघडा. निम्म्याच्या वर मोकळा राहिला असेल तर उरलेले होस्ट टाकायला घ्या.